परतीचा दाखला

जयपूरच्या दक्षिणेकडील मानसरोवर ही वसाहत राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवली. १९७० साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या सर्वांत मोठ्या कामांत तिची गणना होते. जुन्या जयपुरात जौहरी बाजार, त्रिपोलिया बाजार, चांदपोल अशी जवळजवळ तीन शतकांची नावे आहेत. मानसरोवरात मध्यम मार्ग, शिप्रा पथ, रजत पथ अशी नियोजनकारांनी नकाशावर लिहिलेली नावे आहेत. ३ जून २०१५ रोजी जयपूरची मेट्रो सुरू झाली, ती मानसरोवरहून चांदपोलपर्यंत. नव्या वसाहतीने जुन्या शहराशी जोडून घेतले ते असे.

या वसाहतीत जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. शेखावाटीचे, हाडौतीचे, उत्तर प्रदेशचे, बंगालचे आणि काही मराठी. मराठी कुटुंबे बहुधा बँक, रेल्वे, केंद्र सरकारची कार्यालये किंवा खाजगी कंपन्या यांच्या निमित्ताने आलेली. त्यांच्या मुलांनी पुढे आणखी लांबचा रस्ता धरला आणि आज त्यांतली कित्येक परदेशांत आहेत. अशा घरांत एक प्रश्न वर्षानुवर्षे मुक्कामाला असतो. परत जावे का? आणि त्यामागोमाग दुसरा, जो सहसा मोठ्याने विचारला जात नाही. परत गेलो आणि पस्तावलो तर?

या प्रश्नाची चर्चा आपण नेहमी मनाच्या पातळीवर करतो. गावाची ओढ, आईवडिलांचे वय, मुलांची भाषा, पत्नीची किंवा पतीची नोकरी, हवामान आणि धूळ. हे सगळे खरेच आहे. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने पाहिले तर या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. परतणे ही केवळ भावनेची घटना नसते, ती एक शासकीय घटनाही असते. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, नोकरी सोडल्याचा मिळतो, शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा मिळतो. जाणाऱ्याची नोंद ठेवण्यास शासन चांगले सरावलेले आहे. परत आल्याचा दाखला मात्र कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. आपल्या इतिहासात ज्यांना परतण्याचे दुःख भोगावे लागले, त्यांपैकी अनेकांच्या दुःखाचे मूळ या उणिवेत सापडते.

वर्धा हे एक गाव घेऊ. त्या एका गावाशी बांधलेल्या दोन माणसांना आपल्याच भूमीत पाऊल ठेवण्यासाठी परवानगीची वाट पाहावी लागली. त्यांतल्या एकाची गोष्ट जयपूरचीच आहे.

जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. सीकर हा जयपूर संस्थानातला ठिकाणा. लहानपणीच ते वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घराण्यात दत्तक गेले आणि वर्धेकर झाले. मराठी मुलखात त्यांचा व्यापार वाढला, पुढे गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानू लागले, आणि वर्धा देशाच्या राजकारणाचे एक केंद्र बनले. पण जन्मभूमीशी असलेली गाठ सुटली नव्हती. १९३८ साली ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी शेखावाटीत दुष्काळ पडला होता आणि मदतकार्यासाठी ते डिसेंबरअखेर जयपूरकडे निघाले. सवाई माधोपूर स्थानकावर त्यांच्या हाती एक हुकूम ठेवण्यात आला. त्यांच्या येण्याने शांततेचा भंग होण्याचा संभव असल्यामुळे त्यांना संस्थानात प्रवेश नाही, असे त्यात होते.

प्रथम ते परत फिरले. फेब्रुवारी १९३९ मध्ये मात्र त्यांनी हुकूम मोडून संस्थानात प्रवेश केला. पोलिसांनी आधी त्यांना सीमेबाहेर नेऊन सोडले, आणि ते पुन्हा आले तेव्हा अटक केली. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली. या लढ्यातले त्यांचे सहकारी हिरालाल शास्त्री १९४९ साली राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री झाले.

प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून या हुकमातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या राज्यात माणूस जन्मला, त्याच राज्याच्या दप्तरात तो 'बाहेरचा' ठरला होता. वर्ध्याला त्यांना मारवाडी म्हणणारे होते, आणि जयपूर दरबाराच्या लेखी ते वर्ध्याहून आलेले उपद्रवी गृहस्थ होते. आज जी माणसे वीस वर्षांनी आपल्या तालुक्याला जातात आणि 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला अडखळतात, त्यांना हा अनुभव सौम्य स्वरूपात ओळखीचा वाटेल. बजाजांच्या मागे संपत्ती होती, संघटना होती, गांधीजी होते. शिवाय त्यांचे राहते घर वर्ध्याला शाबूत होते. ज्यांच्यामागे यातले काहीच नव्हते, त्यांचे काय झाले असेल?

वर्ध्याचा दुसरा माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्यास झाला. वडील लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करीत. टिळकांच्या प्रभावाने मुलगा क्रांतिकार्याकडे वळला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडला. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांच्या ज्या संघटनेतून गदर पक्ष उभा राहिला, तिच्या संस्थापकांत ते होते. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमिया आणि इराणकडे गेले आणि इंग्रजी फौजेतील हिंदी सैनिकांत प्रचार केला. युद्ध संपले तेव्हा मायदेशाचे दार त्यांना बंद झाले होते. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला पोहोचले.

मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका, गहू, कडधान्ये यांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्याच्या कामात भाग घेतला. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली, आणि दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या एका भित्तिचित्रात त्यांना जेवणाच्या मेजावर भाकरी वाटून देताना रंगवले. १९३६ साली त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. परक्या भूमीत माणूस यापेक्षा अधिक रुजू शकत नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. जुन्या स्नेह्यांनी परत बोलावले. खानखोजे यांनी भारतात येण्याची परवानगी मागितली आणि ती पहिल्यांदा नाकारण्यात आली. इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या दप्तरात तशीच जिवंत होती.

हे वाचून संताप येतो, पण प्रशासनात काम केलेल्या माणसाला आश्चर्य वाटत नाही. सत्ता बदलते तेव्हा झेंडा बदलतो, मंत्री बदलतात, लेटरहेडावरचे बोधचिन्ह बदलते. यादी बदलत नाही, कारण यादी रद्द करण्याचा हुकूम कोणी तरी काढावा लागतो, आणि ज्याच्या टेबलावर ती असते त्याला तसा हुकूम काढण्याचा अधिकार नसतो. ज्याला अधिकार असतो त्याला अशी यादी आहे हेच ठाऊक नसते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ज्या नोंदी आपोआप खोडल्या जायला हव्या होत्या, त्या एकेक करून, अर्ज आल्यावर, चौकशी करून खोडल्या गेल्या. अर्जनविसाच्या मुलाला आपल्या स्वतंत्र देशात येण्यासाठी अर्ज करावा लागला.

पुढे बंदी उठली. १९५० च्या दशकात खानखोजे कुटुंब नागपुरास स्थायिक झाले. तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

त्यांच्या नागपुरातील वर्षांशेजारी दुसऱ्या काही तारखा ठेवून पाहाव्यात. मेक्सिकोतील ज्या गहू-संशोधनातून पुढे हरितक्रांती झाली, त्याची सुरुवात १९४३ साली झाली आणि त्याचे एक मुख्य क्षेत्र चापिंगो हेच होते. १९६३ साली नॉर्मन बोरलॉग भारतात आले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे मागवले. हे वाण बोरलॉग यांच्या कार्यक्रमाचे होते, खानखोजे यांचे नव्हते. परंतु मेक्सिकोची माती, तेथील शेतकरी, तेथील विद्यालये यांची अनेक वर्षांची ओळख असलेला एक मराठी शास्त्रज्ञ त्या काळात नागपुरात वृद्धापकाळ घालवीत होता. परतलेल्या माणसाबरोबर केवळ त्याचे सामान येत नाही, एका दुसऱ्या देशाचे ज्ञानही येते. त्या ज्ञानाची नोंद करणारा रकाना आपल्या कोणत्याही अर्जात तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

२०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी केले, जे राजस्थानातील कोट्याचे खासदार आहेत. ज्या देशाने त्यांना परत येण्यास आधी नकार दिला होता, त्याच देशाच्या संसदेने त्यांचा मान परदेशात जाऊन केला.

खानखोजे यांच्या शेजारी त्यांच्याच पिढीतल्या एका माणसाला उभे केले की चित्र पुरे होते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ सालचा, रायपूरचा. शालेय शिक्षण अमरावतीस झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी १९११ साली मिळवली आणि जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत असतानाच प्रसिद्ध होऊ लागला. त्यानंतर काही काळ लंडनला राहून १९१२ साली ते परतले. त्यांना कोणी अडवले नाही. कोणत्याही यादीत त्यांचे नाव नव्हते. पण परत आलेल्या या विद्वानासाठी मराठी मुलखात जागाही तयार नव्हती. ज्या शास्त्राचे ते पंडित होते, ते समाजशास्त्र शिकवणारा विभागच इथे नव्हता. काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले.

केतकरांनी शेवटी आपली जागा आपणच निर्माण केली. नागपुरास ज्ञानकोश मंडळ स्थापन करून, भागभांडवल विकून, वर्गणीदार गोळा करून त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. १९३१ साली हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एवढे करून १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला, तो हलाखीत. त्यांच्या पत्नी मूळच्या एडिथ कोन, जर्मन ज्यू घराण्यातल्या. विवाहानंतर त्या शीलवतीबाई केतकर झाल्या आणि विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. पुढे 'मीच हे सांगितलं पाहिजे' या नावाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. परतणाऱ्या माणसाबरोबर जी व्यक्ती येते, तिच्यासाठी ते परतणे नसून पहिले स्थलांतर असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. 'आपण घरी जाऊ' या वाक्यातले 'आपण' तपासून पाहिले पाहिजे. ते घर कोणाचे?

आणि हो, केतकरांच्या एका कादंबरीचे नाव 'परागंदा' आहे. हा शब्द मराठीत फारसीतून आला, आणि मुळात त्याचा अर्थ विखुरलेला असा. मराठीला हा अनुभव परका नव्हता.

ही झाली प्रसिद्ध माणसे. सामान्यांचे काय झाले, याचा दाखला कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये मिळतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वसाहतींतील उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर नेले जात. मॉरिशसला १८३४ पासून, त्रिनिदादला १८४५ पासून. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गिरमिटाची मुदत संपल्यावर परतीच्या प्रवासाची तरतूद करारात असे. म्हणजे कागदावर परतण्याचा हक्क होता. काही जण तो हक्क बजावून परत आले.

आपल्या गावी पोहोचल्यावर त्यांना कळले की गावाने त्यांना मेलेले धरले आहे. समुद्र ओलांडल्यामुळे जात गेली होती. मळ्यावर लागलेल्या लग्नात जात पाहिली गेली नव्हती, तेव्हा मुलांना कोणत्याच जातीत जागा नव्हती. जमिनीतला वाटा भावांनी वाटून घेतलेला. साठवलेला पैसा प्रायश्चित्तात, जातभोजनात आणि नातेवाइकांच्या उसनवारीत संपला. तेव्हा ही माणसे पुन्हा कलकत्त्याच्या गोदीकडे आली आणि बोटीची वाट पाहत मटियाबुर्जच्या वस्तीत राहिली. आपल्याला पुन्हा फिजीला, गयानाला, त्रिनिदादला पाठवा, असे ते म्हणत होते. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांची दशा इतकी वाईट होती की गांधीजी आणि दीनबंधू अँड्र्यूज यांना तिच्यात लक्ष घालावे लागले. ज्या मळ्यांच्या गुलामीविरुद्ध देशाने लढा दिला, तिथेच परत जाण्याची विनवणी करणारी माणसे पाहून नेत्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

एवढा अनुभव गाठीशी असताना १९२७ च्या केपटाउन करारानंतर दक्षिण आफ्रिकेतून हिंदी लोकांना परत पाठवण्याची योजना आली. परतणाऱ्या प्रौढ माणसाला २० पौंडांचा बोनस देण्यात येई. भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी या परतलेल्यांची स्वतंत्र पाहणी करून १९३१ साली अहवाल प्रसिद्ध केला आणि योजनेवर कठोर टीका केली. त्यांच्या पाहणीतून जे दिसले ते आजही शिकण्यासारखे आहे. बोटीचे भाडे आणि बोनस म्हणजे पुनर्वसन नव्हे. बंदरावर उतरवून घेणे आणि समाजात उतरवून घेणे यांत फार मोठे अंतर असते, आणि त्या अंतरासाठी कोणत्याही सरकारने कधी पैसे ठेवले नव्हते.

स्वतंत्र भारताच्या संविधानात 'परतणे' हा विषय आला आहे, पण तो स्वागताच्या स्वरात नाही. अनुच्छेद ७ मध्ये, १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना नागरिकत्व नाकारले आहे. अपवाद आहे तो पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर आलेल्यांचा. १९४८ साली सुरू झालेल्या परवाना-पद्धतीचा हा संविधानातील पडसाद. फाळणीच्या आगीत ही काळजी घेणे भाग होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही परिणाम असा झाला की आपल्या प्रशासनाने 'परतणारा माणूस' पहिल्यांदा पाहिला तो संशयाच्या चष्म्यातून. मग ती दृष्टी सवयीची झाली.

पुढे काळ बदलला. परदेशस्थ भारतीय हा संशयाचा नव्हे, अभिमानाचा विषय झाला. २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस पाळला जाऊ लागला, कारण १९१५ साली त्या दिवशी गांधीजी आफ्रिकेहून मुंबईत उतरले होते. म्हणजे हा उत्सव मुळात परतण्याचाच आहे. १९९९ साली भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी ओळखपत्र निघाले, २००५ साली 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' ही योजना आली आणि २०१५ साली दोन्ही एक झाली. या कार्डाला नागरिकत्वाचे नाव असले तरी त्यात मतदानाचा हक्क नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेण्याची मुभा नाही.

२०१२ चा प्रवासी भारतीय दिवस जयपुरात झाला. प्रमुख पाहुण्या होत्या त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला पर्साद-बिसेसर. त्याच दौऱ्यात त्या बिहारच्या बक्सर जिल्ह्यातील आपल्या पूर्वजांच्या गावी जाऊन आल्या आणि गावाने त्यांचे थाटात स्वागत केले. मटियाबुर्जची कहाणी ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रसंग अंतर्मुख करील. ज्यांचे पूर्वज परतले नाहीत, त्यांचे स्वागत शतकानंतर झाले. जे त्याच काळात परतले, त्यांना दारात उभे केले नाही.

आता आजच्या वाचकाच्या प्रश्नाकडे येऊ. बंदीहुकूम आणि जातिबहिष्कार यांचे दिवस गेले. तरी परतणाऱ्या मराठी कुटुंबासमोर काही दारे अशी असतात की जी आपण जाताना, नकळत, आपल्याच हाताने लावून घेतलेली असतात. त्यांची यादी करून ठेवणे उपयोगी पडेल.

पहिले दार अधिवासाचे. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वैद्यकीय शिक्षणात राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा तर, काही अपवाद सोडून, दहावी आणि बारावीही राज्यातूनच व्हावी लागते. जयपुरात शाळा शिकलेला मराठी मुलगा घरी मराठी बोलतो, गणपती बसवतो, पण या नियमांपुढे तो परराज्यातला असतो. उलट, ठरावीक वर्षे राजस्थानात राहिल्यावर त्याच कुटुंबाला इथले प्रमाणपत्र मिळू शकते, आणि त्याचे नाव आहे 'मूल निवास'. मूळ कुठले, हे वंशावळ सांगत नाही, वास्तव्याचा पुरावा सांगतो.

दुसरे दार जातीच्या दाखल्याचे. महाराष्ट्रात त्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी आपले वाडवडील राज्यात राहत होते याचा कागद लागतो. दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने तेथील सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचे होते. तेव्हा आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील उतारा, जुना सातबारा हे कागद जुनी रद्दी म्हणून टाकू नयेत.

तिसरे दार जमिनीचे. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला, परवानगीशिवाय, शेतजमीन घेता येत नाही, आणि विदर्भाच्या कायद्यातही असाच निर्बंध आहे. बाहेर स्थायिक झालेली कुटुंबे अडचणीत किंवा भाऊबंदकीच्या कंटाळ्याने शेवटचे चार गुंठे विकून टाकतात. त्या खरेदीखतावर सही करताना आपण केवळ जमीन नव्हे तर 'शेतकरी' हा कायदेशीर दर्जाही विकतो आहोत, हे त्यांना कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतर गावी छोटा मळा करण्याचे स्वप्न तिथे अडते.

हे सर्व नियम वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांतील प्रत्येकामागे राज्यात राहणाऱ्या गरिबाचे संरक्षण हा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. पुण्यामुंबईच्या किंवा परदेशच्या पैशाने खेड्यातली जमीन आणि महाविद्यालयांतल्या जागा घेतल्या जाऊ नयेत, हे कोणालाही पटेल. परंतु हे नियम करताना 'जाऊन परत आलेला माणूस' हा वेगळा वर्ग डोळ्यांपुढे नव्हता. तो असायला हवा. केरळने १९९६ साली अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते, नोर्का, स्थापन केले आणि पुढे परतलेल्यांना उद्योगासाठी कर्ज व अनुदान देणारी योजना आखली. राजस्थान सरकारने २००१ साली राजस्थान फाउंडेशन स्थापन केले, त्याचा भर मुख्यतः बाहेरच्या राजस्थानींना राज्याच्या विकासाशी आणि गुंतवणुकीशी जोडण्यावर राहिला. बहुतेक राज्यांना बाहेर गेलेल्यांची गुंतवणूक हवी असते. माणूस स्वतः परत आला तर त्याचे काय करायचे, याचा विचार केरळइतक्या गांभीर्याने थोड्यांनी केला आहे. मे २०२० मध्ये 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली आणि लाखो लोक परतले, तेव्हा ही उणीव सगळ्यांच्याच लक्षात यायला हवी होती.

शासनाला फार मोठे काही करायचे नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात परतणाऱ्यांसाठी एक खिडकी असावी. तिथे पत्ता, शाळाप्रवेश, शिधापत्रिका, मतदारयादी, वारसनोंद यांची माहिती एकत्र मिळावी. आणि त्याच ठिकाणी त्या माणसाला विचारावे की बाबा, तू काय शिकून आलास? ही नोंद जिल्ह्याच्या कामी कशी आणता येईल, याचा विचार एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्याकडे सोपवावा. खानखोजे यांच्यासारखा माणूस पुन्हा आला तर निदान तो कोण आहे हे जिल्ह्याला माहीत असेल.

आणि परतावे की नाही या प्रश्नाचे उत्तर? इतिहास ते देत नाही, पण शंका कोणत्या बाबतीत घ्यावी हे तो सांगतो. बजाजांना घर होते, साधने होती, माणसे होती, फक्त राज्याची परवानगी नव्हती. केतकरांना परवानगी होती, उपजीविका नव्हती. मटियाबुर्जच्या लोकांना परतीचा हक्क होता, काहींजवळ पैसाही होता, पण गावात जागा नव्हती. कायदा, उपजीविका आणि माणसे या तीन गोष्टींपैकी एक जरी नसली तरी परतणे दुःखाचे होऊ शकते. ज्याला शंका वाटते त्याने या तिन्हींचा आपल्यापुरता हिशेब कागदावर मांडावा, पतीने आणि पत्नीने वेगवेगळा मांडावा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. अशी शंका घेणे म्हणजे गावाशी बेइमानी नव्हे. पश्चात्तापही बहुधा परतल्याचा नसतो, तो हिशेब न करता परतल्याचा असतो.

ज्यांचा हिशेब जुळत नाही त्यांनीही स्वतःला दोष देऊ नये. मॉरिशसचे मराठी परतले नाहीत, तरी त्यांची मराठी टिकली. मानसरोवरातही टिकू शकते. फक्त आजोबांच्या नावाचे कागद आणि गावाकडचे चार गुंठे जपून ठेवावेत. आपल्याला नको असले तरी पुढच्या पिढीतल्या एखाद्याला परतावेसे वाटेल, आणि तेव्हा दार उघडण्यासाठी त्याला तेच लागतील.